न मोडलेल्या हाडाचे मोल

मृगाचा पाऊस येण्यापूर्वी घर शाकारून घ्यावे, हे आपल्या गावांत कुणाला शिकवावे लागत नाही. घर गळू लागल्यावर कौले चाळायला निघणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाही. हीच दूरदृष्टी माणसाच्या देहाविषयी आपण दाखवतो काय?

काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आमच्या आईला हाडांची घनता तपासून घेण्यास सांगितले. तिचे वय तेव्हा ६८ होते. ‘मला काय धाड भरली आहे?’ असे म्हणून तिने विषय टाळला आणि आम्हीही तो टाळू दिला. कारण साधे होते : आमच्या विम्यात त्या तपासणीचा खर्च बसत नव्हता. पुढच्याच पावसाळ्यात ती मोरीत घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेचे बिल विमा कंपनीने बिनतक्रार भरले. तपासणीचा खर्च त्या बिलाच्या पासंगालाही पुरला नसता. आई आज काठीच्या आधाराने चालते. मागल्या दारच्या वाडीत मात्र ती आता जात नाही.

अस्थिसुषिरता, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, हा मुका आजार आहे. तो दुखत नाही, ताप आणत नाही. स्त्रियांची पाळी थांबल्यावर हाडांची झीज वेगाने होऊ लागते, आणि अनेकींना त्याची पहिली वार्ता हाड मोडल्यावरच कळते. अत्यल्प क्ष-किरणांच्या साहाय्याने काही मिनिटांत हाडाची घनता मोजता येते. तिच्या मोजमापाची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवून दिली. उतारवयात खुबा मोडलेल्यांपैकी साधारण पाचांत एक व्यक्ती वर्षभरात दगावते, हे ध्यानात घेतले म्हणजे या मुकेपणाची किंमत कळते.

आपल्याकडे १९८६ मध्ये मेडिक्लेम सुरू झाला तो रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी. आज काही पॉलिसींत ठराविक तपासण्यांची सोय असते. तरी मूळ वळण तेच आहे. २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले, ही मोठीच गोष्ट. पण तेही मुख्यतः रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. हाड मोडले की थैली उघडते. मोडू नये म्हणून उघडत नाही.

अमेरिकेत १९९७ च्या कायद्याने वृद्धांच्या मेडिकेअर विम्यात ही तपासणी आली. १ जुलै १९९८ पासून धोक्याच्या कक्षेतील व्यक्तींना साधारणपणे दर दोन वर्षांनी तिचा लाभ मिळू लागला. पुढे २००७ पासून दवाखान्यांत होणाऱ्या तपासणीचा मोबदला मोठ्या प्रमाणात घटवण्यात आला. अनेक दवाखान्यांनी ती बंद केली. खुबा मोडण्याचे कमी होत आलेले प्रमाण २०१२ नंतर घटायचे थांबले. एकामुळेच दुसरे घडले, असे सिद्ध झालेले नाही. पण हक्क कागदावर शाबूत राहूनही हातातून निसटू शकतो, एवढे यातून दिसते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. विमा हा अनपेक्षित संकटासाठी असतो. प्रत्येकाची प्रत्येक तपासणी त्यातून होऊ लागली तर हप्ता वाढेल आणि गरिबाला तो झेपणार नाही. हे खरेच आहे. म्हणून सरसकट तपासणी कुणी मागू नये. पासष्टी गाठलेल्या स्त्रिया आणि त्याहून लहान, पण धोका अधिक असलेल्या स्त्रिया, एवढी मर्यादा तज्ज्ञांनी सुचवली आहे. पुरुषांच्या सरसकट तपासणीसाठी त्यांना पुरेसा आधार अद्याप सापडलेला नाही. मर्यादा घालणे हा न्याय होऊ शकतो. कुंपणाबाहेर सगळ्यांनाच ठेवणे हा न्याय नव्हे.

तथापि केवळ विमा कंपनीकडे बोट दाखवून आम्हांला मोकळे होता येणार नाही. तपासणी झाली असती तर आईचे हाड मोडलेच नसते, असेही आम्ही म्हणणार नाही. आमची खंत वेगळीच आहे. जे विम्यात बसत नाही ते गरजेचे नाही, असा हिशेब आम्ही नकळत शिकलो होतो. जो विव्हळतो त्याच्याकडे आपण धाव घेतो, आणि तसे धावणे योग्यच. परंतु जी सोसते आणि बोलत नाही, तिचे ऋण कोणत्या वहीत मांडायचे? घरातली आई स्वतःसाठी काही मागत नाही. तिच्या या न मागण्यावर आपल्या घरांची काटकसर उभी असते.

विम्याचे नियम बदलावेत म्हणून आपण जरूर आवाज उठवावा. तोवर मोरीतली शेवाळ खरवडणे, तिथे दिवा लावणे, आईला सकाळच्या उन्हात चार पावले फिरवणे आणि डॉक्टरांची चिठ्ठी पेटीत ठेवून न देणे एवढे तरी आपल्या हाती आहे. घर शाकारायला आपण कुणाच्या मंजुरीची वाट पाहत नाही.