सुखाचे मुखत्यार

मनुष्याला सुख अधिक मोलाचे की सत्य, हा प्रश्न तत्त्वज्ञांच्या सभेत कितीही भारदस्त वाटत असला, तरी संसारात तो बहुधा रुग्णालयाच्या व्हरांड्यात, औषधांच्या चिठ्ठ्या मुठीत धरून उभ्या असलेल्या एखाद्या मुलाच्या तोंडून, विनंतीच्या रूपाने बाहेर पडतो : "डॉक्टर, वडिलांना मात्र यातले काही सांगू नका." डॉक्टर मान डोलावतात आणि त्या क्षणापासून त्या घरात एक नवीच वहिवाट सुरू होते. तपासणीचे कागद कपाटात कुलूपबंद होतात, भेटीस येणाऱ्या सोयऱ्यांना दारातच ताकीद मिळते, कर्करोगाच्या गाठीला साधी गाठ म्हणण्याचा परिपाठ पडतो, आणि परळच्या टाटा रुग्णालयाची पायरी चढतानाही "नुसती तपासणी आहे" असे रोग्याला बजावले जाते. १९४१ साली उघडलेल्या या रुग्णालयाचे नाव महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आता इतके परिचित आहे की, "टाटाला नेले" एवढे शब्द कानी पडताच शेजारची म्हातारीदेखील पुढचे सारे ओळखते. ज्याला नेले तो एकटाच काही ओळखत नाही, असे मानण्यात आपल्या इच्छेचा भाग अधिक आणि बुद्धीचा कमी असतो.

या वहिवाटीला केवळ अज्ञान म्हणून झिडकारणे योग्य होणार नाही, कारण तिच्या पाठीशी ममता आहे, आणि शास्त्राचा दाखलाही आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात वैद्याला अशी आज्ञा आहे की, मरणाची चिन्हे स्पष्ट दिसत असली तरी न विचारता ती त्याने उच्चारू नयेत. आणि विचारल्यावरही, जेथे त्या उच्चाराने रोग्याचा किंवा दुसऱ्या कोणाचा घात होईल तेथे मौनच पाळावे. पाश्चात्त्य वैद्यकही या बाबतीत फार काळ निराळे नव्हते. 'आमच्याकडे लपवतात, तिकडे तोंडावर सांगतात' हे वाक्य आपण पिढीजात सत्यासारखे उच्चारतो. परंतु १९६१ साली शिकागोच्या एका रुग्णालयातील डॉक्टरांना विचारले असता त्यांपैकी सुमारे शेकडा नव्वदांनी कर्करोगाचे निदान रोग्याला न सांगण्याकडेच आपला कल असल्याचे कळवले होते, आणि १९७९ साली तशाच प्रश्नावलीला अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका रुग्णालयातून उत्तरे आली तेव्हा शेकडा सत्त्याण्णव डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अवघ्या अठरा वर्षांत जी नीती अशी उलटी होऊ शकते, ती रक्तात किंवा संस्कृतीत मुरलेली असते असे म्हणण्याचे धाडस मला तरी होत नाही.

चरकाची आज्ञा मात्र पुन्हा लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे. तिने मौनाला परवाना दिला आहे, असत्याला दिलेला नाही. अप्रिय सत्य टाळण्याचा मनुस्मृतीतला उपदेश ज्याच्या त्याच्या जिभेवर असतो. त्याच श्लोकात प्रिय असत्यालाही तितकाच स्पष्ट मज्जाव आहे, याची आठवण सोयीस्करपणे बुजलेली असते. न बोलणे आणि खोटे बोलणे यांतील अंतर वरवर थोडे वाटते खरे, पण मौन पाळणारा वैद्य रोग्याला स्वतःहून विचारण्याची वाट मोकळी ठेवतो, तर "काही नाही, पंधरा दिवसांत हिंडू-फिरू लागाल" असे हसत सांगणारा ती वाटच बंद करून टाकतो.

असत्याच्या समर्थनार्थ सुशिक्षित मंडळी सहसा महाभारताचा आधार काढतात. कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतो : सत्यभाषणाच्या व्रतापायी त्याने दरोडेखोरांना लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा सांगितला, ती माणसे मारली गेली, आणि कौशिकाच्या वाट्याला स्वर्गाऐवजी नरक आला. लोकमान्यांनी 'गीतारहस्या'च्या 'कर्मजिज्ञासा' प्रकरणात सत्याच्या अपवादांची चर्चा केली आहे, आणि तेथे त्यांनी इंग्रज नीतिशास्त्रज्ञांनाही साक्षीला बोलावले आहे. त्यांपैकी सिज्विकने आपल्या १८७४ च्या ग्रंथात, धोकादायक धक्का टाळण्यासाठी आजाऱ्याशी खोटे बोलण्यास बहुतेक लोक कचरणार नाहीत, असे नमूदही करून ठेवले आहे. परंतु दरोडेखोर आणि रोगी यांना एका मापाने मोजणे मला मान्य नाही. दरोडेखोराचा त्या माहितीवर कसलाही हक्क नव्हता. रोग्याच्या देहात काय चालले आहे या माहितीचा पहिला हक्कदार रोगीच असतो, आणि मुलगा, जावई, पुतण्या हे सारे त्याच्यामागून येतात. २००८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर एक खटला आला होता : सज्ञान स्त्री भूल दिलेल्या अवस्थेत असताना तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी एक मोठी शस्त्रक्रिया उरकली होती, आणि न्यायालयाने निकाल दिला की, रोगी सज्ञान असून तातडीचा प्राणप्रसंग नसताना आईची संमती ही रोग्याची संमती होऊ शकत नाही. प्रत्यक्ष जन्मदात्रीला जो अखत्यार नाही, तो आपल्याला आपोआप प्राप्त झाला आहे असे व्हरांड्यातले नातलग कशाच्या बळावर समजतात?

शिवाय ज्या सुखासाठी हा खटाटोप केला जातो, ते सुख रोग्याला मिळते तरी किती? ज्याला आपले दिवस थोडे आहेत हे ठाऊक नाही, तो शेतीचा फेरफार पुढच्या चैत्रावर टाकतो, मृत्युपत्राचा विषय निघाला तर "एवढी काय घाई" म्हणून उडवून लावतो, बांधाच्या तंट्यावरून ज्याच्याशी अबोला धरला त्या भावाला निरोप पाठवत नाही, आणि पंढरीला जाऊन येण्याचा मनातला बेत बरे वाटल्यावरच्या काळासाठी राखून ठेवतो. नंतर वारसदाखल्यासाठी कचेरीचे उंबरठे झिजवताना कागदपत्रांची उकल होते, अबोल्याची होत नाही. सुखाच्या नावाखाली त्या माणसाच्या उरलेल्या दिवसांचा कारभार परस्पर दुसऱ्यांनी चालवला, आणि हिशेब मागणारा उरलाच नाही!

टॉलस्टॉयने १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'इव्हान इलिचचा मृत्यू' या दीर्घकथेत या अवस्थेचे जे चित्र काढले आहे, त्याच्या तोडीचे दुसरे मला माहीत नाही. त्या न्यायाधीशाला देहाच्या वेदनेइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, असह्य होते ती भोवतालच्यांची एकमताने चाललेली बतावणी : पत्नी, स्नेही, डॉक्टर, सारे त्याला केवळ आजारी ठरवतात, मरणारा म्हणून कोणीच त्याच्याजवळ बसत नाही. त्या घरात फक्त गेरासिम नावाचा शेतकरी नोकर ही बतावणी करत नाही. मालक मरणार हे तो सरळ मान्य करतो आणि त्याला बरे वाटावे म्हणून त्याचे पाय तासन्‌तास आपल्या खांद्यावर धरून बसतो. त्या प्रचंड एकाकीपणात इव्हान इलिचला जे थोडे सुख लाभते, ते या एकट्या खरे बोलणाऱ्याच्या सहवासात.

याचा अर्थ गर्दीने भरलेल्या बाह्यरुग्ण विभागात, दोन मिनिटांत, कागदावरून नजरही न उचलता "फार तर सहा महिने" असे सुनावणारा डॉक्टर सत्यनिष्ठ ठरतो, असे कोणी समजू नये. रोगाचे निदान ही एक वस्तुस्थिती आहे. महिन्यांची मोजदाद हा पुष्कळदा अंदाज असतो, आणि अंदाजाला हुकूमनाम्याचा आव आणून तो रोग्यावर बजावणे हाही सत्याचा अपलापच होय. उलट, "जे काय असेल ते मुलाशी बोला, मला सांगू नका," असे स्वतः म्हणणारे रोगीही असतात, आणि त्यांची इच्छा मोडून त्यांच्यावर सत्य लादण्याचा अधिकार कोणालाच नाही. मात्र ती इच्छा त्यांनी स्वतः बोलून दाखवलेली असावी, घरच्यांनी त्यांच्या वतीने कल्पिलेली नसावी. किती जाणून घेऊ इच्छिता, हा एक प्रश्न रोग्यालाच आधी विचारला, तर व्हरांड्यातल्या निम्म्या मसलती अनावश्यक ठरतील.

तो प्रश्न कोणाला विचारला जातो आणि कोणाला नाही, याचेही एक गणित आहे. कर्त्या पुरुषाला आज ना उद्या सांगावेच लागते, कारण बँकेच्या आणि जमिनीच्या कागदांवर सही त्याची असते. त्याची म्हातारी आई किंवा पत्नी आजारी पडली म्हणजे तिच्या सुखाची काळजी घराला एकाएकी फार वाटू लागते, आणि ती स्वयंपाकघरात असताना बाहेरच्या खोलीत तिच्याविषयीचे निर्णय होऊन जातात. तिच्या सहीवाचून काही अडत नाही, म्हणून तिला कळण्याचीही गरज नाही, हा या काळजीचा अलिखित मजकूर मला तरी स्वच्छ वाचता येतो. तिला पुष्कळ वेळा सगळे कळलेले असते. मुलाला वाईट वाटेल म्हणून तीही गप्प राहते, आणि मुलगा तिला वाईट वाटेल म्हणून गप्प राहतो.