आवाजाचे आवार

विकत घेतलेली वस्तू घेणाऱ्याची असते, या समजुतीवर सगळा बाजार उभा आहे. लुगडे, पलंग, घागर, शिवणयंत्र यांच्या बाबतीत ही समजूत बहुतांशी खरी ठरते. निवड चुकली तर तिचा भुर्दंड घेणाऱ्यालाच बसतो. आवाज करणाऱ्या वस्तूला मात्र हा नियम लागू पडत नाही. तिचे पैसे एकजण मोजतो आणि ती ऐकतात दहाजण. हातात मावणारा, मोबाइलवरून वाजणारा बिनतारी स्पीकर ही या जातीची आज सर्वांत सहज मिळणारी वस्तू होय. पाचसहाशे रुपयांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत तिच्या किमती आहेत. कोणी कोणता घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता गिऱ्हाइकाच्या गरजेचा आणि खिशाचा आहे. परंतु दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्याखेरीज या व्यवहारात एक तिसरा माणूस असतो. त्याची गरज कोणी विचारत नाही आणि त्याच्या पसंतीला किंमत नसते. तो म्हणजे शेजारी. त्याला वगळून केलेली निवड योग्य म्हणता येईल काय, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न तपासण्यासाठी रायपूरमधील बूढापारा ही वस्ती सोयीची आहे. छत्तीसगढीत पारा म्हणजे मोहल्ला. बूढा तालाब, म्हणजेच आजचे विवेकानंद सरोवर, याच्या काठची ही जुनी वस्ती. पुढे विवेकानंद म्हणून विख्यात झालेला नरेंद्रनाथ १८७७ च्या सुमारास वडिलांबरोबर रायपुरात आला आणि सुमारे दोन वर्षे येथे राहिला. तलावात आज त्याचा भव्य पुतळा आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८५४ मध्ये संपला, तरी त्या काळापासून या प्रदेशात आलेली मराठी घराणी रायपूरच्या जुन्या पाऱ्यांतून टिकून राहिली. अशा वस्तीत घरे एकमेकांना टेकलेली असतात. गल्ली अरुंद, भिंत सामाईक आणि गच्ची शेजारच्या गच्चीशी बोलणारी. येथे कोणाचाही आवाज सर्वस्वी त्याचा एकट्याचा राहू शकत नाही.

याच बूढापाऱ्यात माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे जन्मलेल्या या मराठीभाषक गृहस्थांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले आणि पुढे दासबोध व टिळकांचे गीतारहस्य हिंदीत आणले. त्यांच्या मासिकात १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी कथा हिंदीतील आरंभीच्या कथांत गणली जाते. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार शेजारच्या अनाथ विधवेच्या झोपडीपर्यंत वाढवायचे असते. वकिलांच्या साहाय्याने तो झोपडी ताब्यात घेतो. म्हातारी एके दिवशी येऊन चुलीसाठी टोपलीभर माती मागते आणि ती टोपली उचलून डोक्यावर देण्याची विनंती त्यालाच करते. त्याला ती उचलत नाही. एका टोपलीचे ओझे पेलत नसेल, तर साऱ्या झोपडीच्या मातीचे ओझे जन्मभर कसे वाहाल, असा तिचा सवाल आहे.

आवार वाढवणे हा या कथेचा विषय आवाजाच्या संदर्भात फार अन्वर्थक ठरतो. जमीनदाराला वकील करावा लागला, अदालतीत जावे लागले. स्पीकरच्या धन्याला यांपैकी काहीच करावे लागत नाही. अंगठ्याने एक कळ दाबली की त्याचे आवार चार घरे पलीकडे पोहोचते. शिवाय येथे टोपलीही नाही. आवाज बंद होताच त्याची काहीही खूण उरत नाही, बळकावलेली जागा जणू आपोआप परत केली जाते. म्हणूनच हे अतिक्रमण अतिक्रमण वाटत नाही आणि त्याविरुद्ध कुरकुर करणारा शेजारीच किरकिरा ठरतो.

इमान्युएल कांट याने १७९० च्या आपल्या सौंदर्यमीमांसेत संगीतावर एक चमत्कारिक आक्षेप घेतला आहे. संगीतात नागर सभ्यता कमी, असे त्याचे म्हणणे. चित्र पाहायचे नसेल तर नजर वळवता येते. संगीत मात्र शेजारीपाजारी हवे तितक्यापेक्षा अधिक पसरते. खिशातून अत्तर लावलेला रुमाल काढणारा माणूस जसा सभोवारच्या सर्वांना त्यांच्या इच्छेविरुद्ध तो सुगंध घ्यायला लावतो, तसेच हे. उपमा मार्मिक आहे, कारण तिच्यात दुर्गंधीचा उल्लेख नाही. वस्तू चांगली असली तरी ती लादण्याचा अधिकार प्राप्त होत नाही, हे कांटला अभिप्रेत आहे. भीमसेन जोशींचा अभंग असो की लग्नातले धांगडधिंग्याचे गाणे, भिंतीपलीकडच्या माणसाच्या संमतीचा प्रश्न दोहोंच्या बाबतीत तोच राहतो.

मात्र याच कांटने १७८४ मध्ये क्योनिग्सबर्गच्या नगरप्रमुखाला, आपल्या घराजवळच्या तुरुंगातील कैदी मोठ्याने प्रार्थनागीते गातात, अशी तक्रार लिहून पाठवली होती. येथे सहानुभूतीचा काटा हलतो. विचारवंताला स्वतंत्र अभ्यासिका होती. कैद्याजवळ आवाजाखेरीज काय होते? शांतता ही पुष्कळदा ऐपतीची बाब असते. ज्याच्या बंगल्याभोवती बाग आहे, त्याला शेजारधर्म स्वस्तात पाळता येतो. एका खोलीत जेथे आजी अभंग ऐकते, नातू परीक्षेचा अभ्यास करतो आणि सून त्याच वेळी स्वयंपाक उरकते, तेथे आठशे रुपयांचा स्पीकर हेच घरातले सभागृह असते. कानात बोंडे घाला, हा उपदेश अशा घरी पोकळ ठरतो. भजन एकट्याने ऐकण्यासाठी नसते, आणि सासू-सून मिळून कीर्तन ऐकतात तेव्हा त्या ऐकण्याला एकत्रपणामुळेच अर्थ येतो. तेव्हा कोणाचाही आवाज नको, असे म्हणणारी नीती गरिबांवर अन्याय करील. आवाज किती दूर जावा, एवढाच प्रश्न उरतो, आणि निवडीचा विचार तेथूनच सुरू व्हावयास हवा.

कायद्यानेही प्रश्न याच रीतीने मांडला आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खाजगी जागेतील ध्वनियंत्राचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालपत्रात, बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला ऐकायला लावण्याचा हक्क येत नाही, अशी भूमिका घेतली. नियमातला महत्त्वाचा शब्द ‘हद्द’ हा आहे. मोजणी स्पीकरपाशी करावयाची नसून जेथे एकाचे घर संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते तेथे करावयाची आहे.

आता साधा हिशोब करावा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवर ७५ डेसिबल आवाज देणारी पेटी, म्हणजे बोलण्याच्या आवाजापेक्षा बरीच मोठी, पण लहान स्पीकरच्या सहज आवाक्यातली, चार मीटरवर ६३, आठ मीटरवर ५७ आणि सोळा मीटरवर ५१ डेसिबल देते. म्हणजे आठ मीटरवर हद्द असेल तर दिवसा ती नियमात बसते. रात्री सोळा मीटरवरही बसत नाही. अरुंद गल्लीत भिंती आवाज परतवतात, त्यामुळे तेथे तो याहूनही कमी उतरतो. बूढापाऱ्यासारख्या वस्तीत सोळा मीटर म्हणजे कित्येक घरे. येथे एक गमतीची विसंगती आहे. मोबाइल आणि पेटी यांना जोडणाऱ्या लहरी घरातल्या भिंतींमधून साधारणतः दहा मीटरांच्या आसपास क्षीण होतात. धन्याची आज्ञा जितकी दूर पोहोचत नाही, तितका आवाज पोहोचतो. या जोडणीला ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याच्या टोपणनावावरून पडले. वेगवेगळ्या लोकांना एकत्र आणणारा म्हणून तो स्मरला जातो. शेजाऱ्यांच्या बाबतीत त्याच्या नावाच्या पेटीने बहुधा उलटेच काम केले आहे.

दुकानात वॅटचा आकडा मोठ्या अक्षरात दाखवला जातो. पाचाचे दहा वॅट झाले तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो दुप्पट वाटावा यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. म्हणजे या आकड्यासाठी मोजलेले पैसे ऐकणाऱ्याच्या पदरात फारसे पडत नाहीत. जी पेटी ‘दणका’ देते तिचा दणका खर्जाच्या लहरींचा असतो, आणि भिंतीतून सर्वांत सहज पार होतात त्या नेमक्या याच लहरी. शब्द आणि सूर अलीकडे अडतात. शेजाऱ्याच्या वाट्याला गाणे येतच नाही, नुसता ठोका येतो. दुसऱ्याला उपद्रव द्यायचाच, तर निदान पूर्ण गाण्याचा तरी द्यावा, असे एखाद्या विनोदी माणसाने म्हणावे, अशी ही अवस्था आहे.

गरजांचा विचार अंतराच्या या मापाने केला, तर बाजारातली उतरंड बरीच बदलते. वृद्धाचे उदाहरण सर्वांत बोलके. वय वाढते तसे कानाचे वरचे स्वर आधी जातात. स, श, त, क अशी व्यंजने पुसट होतात. घरातली माणसे मग टीव्हीचा आवाज वाढवतात. त्याने खर्ज वाढतो, व्यंजने स्पष्ट होत नाहीत, आणि सारा पारा बातम्या ऐकतो. अशा माणसाच्या उशाशी, हातभर अंतरावर ठेवलेली हजार-बाराशेची साधी पेटी पंचवीस हजारांच्या पेटीपेक्षा अधिक उपयोगी पडते. मात्र तिच्यावर बोटांना अंधारातही कळतील अशी ठळक बटणे हवीत, आणि मोबाइल न हाताळणाऱ्यासाठी मेमरी कार्डाची खाच व एफएमची सोय हवी. हे गुण स्वस्त पेट्यांतच अधिक आढळतात. महाग पेट्या सपाट आणि देखण्या असतात. आजोबांनी त्यांच्याशी काय करावे, याचा विचार त्यांच्या घडणीत सहसा नसतो.

भजनी मंडळाची गरज वेगळी आहे. पंधरा-वीस बायका एका दालनात बसतात, पेटी-तबला असतो आणि एकीला माइक हवा असतो. बिनतारी जोडणीत आवाज क्षणाचा काही अंश उशिरा येतो. ध्वनिमुद्रित गाणे ऐकताना ते कळत नाही, परंतु गाणारीला स्वतःचाच आवाज मागून ऐकू आला तर ताल हातचा सुटतो. म्हणून येथे तारेने माइक जोडता येईल अशी पेटी घ्यावी, मग ती चार-पाच हजारांची का असेना. मंडळाने वर्गणी काढली तर हा खर्च कोणा एकीच्या अंगावर पडत नाही. गायनाचा रियाज करणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र तानपुऱ्यासाठी उशिराची अडचण नाही. त्याला मंद आवाजातही स्वर न थरथरणारी पेटी लागते. स्वस्त पेटी मोठ्याने बरी वाजते आणि हळू वाजवली की पोकळ होते. जास्त पैसे मोजायचे ते या एका गुणासाठी मोजावेत.

सहलीला जाणाऱ्या तरुणांना पाण्यापासून संरक्षण हवे असते. पेटीवरील आयपी ६७ या चिन्हातील पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ही कसोटी स्वच्छ पाण्याची आहे, साबणाची किंवा समुद्राची नव्हे. रायपूरच्या उन्हाळ्यात पाण्याहून उष्णता अधिक घातक ठरते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि बंद मोटारीत विसरलेल्या पेटीची लिथियम बॅटरी त्या तापाने अकाली म्हातारी होते. बहुतेक पेट्यांत ती बदलण्याची सोय नसते. तिची शक्ती काहीशे वेळा भरल्या-रिकाम्या होण्यात उतरत जाते आणि मग पेटी संपूर्ण टाकावी लागते. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी अशा मालाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे खरी. पण दर दोन वर्षांनी सहाशेची पेटी घेणारा आणि एकदाच तीन हजारांची घेणारा यांत स्वस्त कोणाला पडते, हे हिशोब मांडल्याशिवाय सांगता येत नाही. उघडता येणारी, मोहल्ल्यातल्या कारागिराला दुरुस्त करता येणारी पेटी मिळाली तर तिला पसंती द्यावी.

तलावाकाठी पहाटे कमरेला पेटी लावून भक्तिगीते वाजवत फिरणाऱ्याचा प्रश्न यांपैकी कशातही बसत नाही. त्याची हद्द त्याच्याबरोबर चालते. घर बदलत नाही, शेजारी मात्र पावलागणिक बदलतो. ऐकणारा तो एकटाच आहे. त्याच्या बाबतीत कानातली बोंडे ही खरोखरच पुरेशी सोय आहे, आणि ती स्पीकरहून स्वस्त पडते. फिरत्या भाजीवाल्याच्या ध्वनिमुद्रित आरोळीला मात्र असे म्हणता येणार नाही. त्याचा आवाज दूर जाण्यासाठीच आहे, त्यावर त्याचे पोट आहे. आणि गल्लीतली माणसे त्या आवाजाची वाटही पाहत असतात.

दुकानात पेटी वाजवून दाखवतात ती पूर्ण आवाजात, आणि गाणे निवडतात ते ढोल असलेले. रस्त्याच्या गोंगाटात दुसरे काही उठूनही दिसत नाही. गिऱ्हाइकाने आवाज अगदी खाली आणण्यास सांगावे. आकाशवाणीच्या बातम्या किंवा एखादे कीर्तन, म्हणजे माणसाचे बोलणे, लावून घ्यावे. ज्याच्यासाठी पेटी घ्यायची तो घरात जितका दूर बसतो तितकी पावले मागे जाऊन शब्द कळतात का पाहावे. मग तितकीच पावले आणखी मागे जावे आणि ते कळायचे थांबतात का, हेही पाहावे.