पंखांतील फावडी

टाकून दिलेल्या वस्तूंपासून एखादी सुंदर प्रतिमा घडविली, तर तिच्यात त्या वस्तूंची जुनी ओळख राहू द्यावी की पुसून टाकावी? प्रश्न वरवर कलेचा वाटतो. परंतु विचार करू लागलो म्हणजे तो माणसांविषयीचा आहे, हे ध्यानात येते.

चिनी शिल्पकार शू बिंग यांना बीजिंगमधील एका टोलेजंग इमारतीसाठी शिल्प करण्यास सांगण्यात आले होते. २००८ साली ते बांधकामाच्या जागी गेले. वर मनोरे चढत होते आणि ते बांधणारे, खेड्यांतून आलेले मजूर खाली हलाखीत राहत होते. ते पाहून शू बिंग यांनी बांधकामावरचेच टाकाऊ सामान वापरायचे ठरविले: लोखंडी तुळया, फावडी, करवती, पकडी, मजुरांची हेल्मेटे. त्यांतून नर व मादी असे दोन फिनिक्स पक्षी उभे राहिले. चीनमध्ये हा काल्पनिक पक्षी शुभ मानतात. प्रत्येकाची लांबी ९० ते १०० फूट, आणि दोघांचे मिळून वजन १२ टनांच्या घरात.

पक्ष्यांवर स्फटिक जडवून ते झगमगीत करावेत, अशी सूचना पुढे आली. शू बिंग यांनी ती मानली नाही. ज्या इमारतीसाठी पक्षी घडले, तेथे ते लागले नाहीत. २०१४ साली ते न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रलमध्ये उंच छताखाली टांगले गेले.

हा नकार आम्हांला योग्य वाटतो. चकाकी चढविली असती, तर फावडे झाकले गेले असते आणि त्याबरोबर ते चालविणारा हातही.

कोणी म्हणेल, पक्षी देशोदेशी फिरले, पण त्यामुळे मजुराच्या मजुरीत काय भर पडली? हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. पाहून हळहळणे सोपे असते. कौतुकाने कोणाचे देणे फिटत नाही. तथापि ज्याचे देणे आहे तो माणूस दृष्टीसच पडला नाही, तर आपण देणेकरी आहोत हेही कळत नाही. शिल्पाचे काम तेवढेच. पुढचे काम पाहणाऱ्याचे.

आपल्या मंदिरांच्या कोनशिलांवर पायाभरणी करणाऱ्याचे नाव असते. गवंड्याचे, बिगाऱ्याचे, डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बाईचे नसते. सर्वांची नावे कोरणे जमणार नाही. पण तिची मजुरी वेळेवर चुकती झाली का, काम चालू असता तिचे मूल कोठे निजत होते, हे तरी आपण विचारतो काय? पुढच्या बांधकामाचा हिशेब मंडळीपुढे येईल, तेव्हा सिमेंटच्या दराबरोबर हाही प्रश्न कोणीतरी उभे राहून विचारावा.