येतो, म्हणजे जातो

मराठी माणूस कुठूनही 'जात' नाही. तो नेहमी 'येतो'. पाहुण्यांकडून निघताना, शेजारून विरजण घेऊन परतताना, दारात चप्पल पायात सरकवत तो 'येतो' म्हणतो आणि दिसेनासा होतो. एखाद्यानं चुकून 'जातो' म्हटलंच, तर घरातली म्हातारी माणसं त्याला परत आत बोलावतात, घोटभर पाणी पाजतात आणि 'येतो' म्हणवून घेऊन मगच घालवतात. आपल्या भाषेची ही खोडच आहे. बांगडी फुटली की ती 'वाढते', दुकान बंद केलं की ते 'वाढवतात', नारळ फोडला तरी तो 'वाढवला' म्हणायचा. कॉमर्सचा पदवीधर म्हणून मला याचं फार कौतुक वाटतं. नुकसान झालं की 'वाढ' म्हणून लिहायची सोय ताळेबंदात असती, तर आजवर एकही कंपनी बुडाली नसती.

पण या 'येतो'मध्ये काही नैतिक प्रश्न दडलेला असेल, असं चाळिशी उलटेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तो प्रश्न मला पडला मुंबईत, सुट्टीच्या शेवटच्या दिवशी.

बँकेच्या एल.एफ.सी.वर, म्हणजे प्रवासभाड्याच्या सवलतीवर, आम्ही पाचजण पांढरकवड्याहून मुंबईला गेलो होतो. मी, सौ., दोन मुलं आणि आई. मुक्काम डोंबिवलीला चुलतभावाकडे. त्यांच्या दोन खोल्यांत त्यांची चार माणसं आधीच होती. रात्री कोणाचे पाय कोणाच्या उशाशी येतील याचा आराखडा वहिनी रोज नव्यानं आखत, आणि तो चुकला की मध्यरात्री कोणीतरी दादांच्या पोटावरून पाणी प्यायला जाई. आठ दिवसांत आम्ही राणीच्या बागेतले पेंग्विन पाहिले, म्हातारीच्या बुटात शिरून बाहेर आलो आणि लोकलमध्ये एकदा चढलो ते तीन स्टेशनं पुढे जाऊन उतरलो, कारण हव्या त्या स्टेशनावर उतरण्याची कला आठ दिवसांत येत नाही.

सुट्टीचा शेवटचा दिवस मार्चअखेरीसारखा असतो. सगळी खाती त्याच दिवशी जुळवायची असतात. विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी सातच्या सुमारास सुटणार होती आणि आमची 'राहिलेलं' या नावाची यादी पानभर होती. थोरलीला घारापुरीची लेणी पाहायची होती. पण तो सोमवार, आणि सोमवारी लेणी बंद. सौ.ला क्रॉफर्ड मार्केट करायचं होतं. ते बंद असतं तर माझी खाती जुळली असती, पण ते उघडं होतं. धाकट्याला पुन्हा पेंग्विन हवे होते. यादी वाचून झाली आणि सहज, अगदी सहज, मी आईला विचारलं, "आई, तुझं काही राहिलं का पाहायचं?"

"मले कोनी इचारलंच कुठं?" आई म्हणाली. "समिंदर पाह्याचा हाय."

"अगं, पहिल्याच दिवशी नाही का नेलं चौपाटीवर?"

"तवा थो घरी नव्हता."

खरंच नव्हता. पहिल्या दिवशी चार वाजता आम्ही गिरगाव चौपाटीवर पोचलो तेव्हा ओहोटी होती. पाणी पार आत गेलेलं, समोर नुसता ओला चिखल. आईच्या गुडघ्यांना वाळूतून तेवढं चालवेना. तिनं लांबूनच हात जोडले आणि गप्प बसली. आयुष्यात पहिल्यांदा ज्याच्या घरी जावं, तोच नेमका बाहेर गेलेला निघावा, तसं झालं होतं. त्यानंतर सात दिवस आम्ही तिला काय हवं ते विचारलं नाही. आम्ही सुट्टीवर होतो ना!

समुद्राचं वेळापत्रक मी तेव्हा पहिल्यांदा समजून घेतलं. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. म्हणजे आज ज्या वेळेला ओहोटी, आठवड्यानंतर साधारण त्याच वेळेला भरती. चंद्राच्या हजेरीवर चालणारं हे खातं आहे, आणि त्यात कोणाची शिफारस चालत नाही. आमचा पहिला दिवस सोमवार, शेवटचाही सोमवार. आई सात दिवस मुकाट थांबली, तेवढ्यात समुद्र आपल्या पायांनी परत आला होता.

दुपारी डोंबिवलीहून निघालो. सामान जिन्याशी आलं आणि निरोपाचा कार्यक्रम सुरू झाला. वहिनी म्हणाल्या, "परत या हं, आता नक्की या." मी म्हणालो, "येतो. आता तुम्ही पांढरकवड्याला या. टिपेश्वरचा वाघ दाखवतो." सौ. म्हणाली, "येते." आई म्हणाली, "येतो व माय." आमच्याकडे बायकासुद्धा 'येतो'च म्हणतात. वहिनींच्या धाकट्याला त्याची आठ दिवस गंमत वाटत होती. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. तो आमच्या विरहानं लावला की सुटकेच्या आनंदानं, हे त्या पदरालाच ठाऊक.

लोकलमध्ये खिडकीशी बसून मी हिशेब मांडला. या निरोपात किती वाक्यं खरी होती? आम्ही परत कधी येणार? पुढच्या सवलतीला मुलं केरळ म्हणताहेत. आणि आई? आईचं वय चौऱ्याहत्तर. ती पुन्हा मुंबईला येणार नाही, हे मला, सौ.ला, दादांना, वहिनींना आणि आईला, सगळ्यांना माहीत होतं. दादा-वहिनी पांढरकवड्याला येतील? आमच्या गावाला रेल्वे नाही. रात्रभर गाडीत बसून वर्ध्याला उतरायचं, मग एस.टी.नं हिंगणघाट, वडकी, करंजी करत यायचं. आणि वाघाचं म्हणाल, तर इतकी वर्षं गावात राहून मी स्वतः तो पाहिलेला नाही. टिपेश्वरचाच एक वाघ 2019 साली निघाला आणि तेराशे किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तो 'येतो' म्हणाला होता की नाही ते वनखात्याला माहीत. थोडक्यात, जिन्याशी झालेल्या निरोपातलं एकही वाक्य माझ्या हिशेबात खरं ठरत नव्हतं.

खोटं बोलणं वाईट, हे धर्मराजापासून सगळ्यांनी सांगितलं आहे. अश्वत्थामा मेल्याची बातमी देताना त्यानं एकदाच नरो वा कुंजरो वा केलं, तर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. जर्मनीतला इमॅन्युएल कांट त्याहून कडक. 1797 साली त्यानं लिहून ठेवलं की, खुनी माणूस दारात येऊन तुमचा मित्र घरात लपलाय का असं विचारत असेल, तरी खोटं बोलू नये. वाचनालयातल्या एका जाड पुस्तकात हे वाचून मी बराच वेळ कांटच्या मित्रांचा विचार करत होतो. पण हा कांट जन्मभर आपल्या कोनिग्सबर्ग गावापासून फार लांब कधी गेलाच नाही. लग्नही केलं नाही. म्हणजे बायकामुलं घेऊन आठ दिवस चुलतभावाकडे राहणं आणि निघताना वहिनींना काय म्हणावं, ही अडचण त्याच्यावर कधी आली नाही. खुन्याचं सोपं असतं हो!

माझ्या खात्यावर मात्र याहून मोठं एक खोटं आहे. ते म्हणजे 'उद्या या'. काउंटरवर वीस वर्षांत मी हे दोन शब्द किती वेळा उच्चारले असतील! पेन्शनची चौकशी करायला आलेला म्हातारा, भाड्याचे पैसे मोजून खेड्यावरून एस.टी.नं आलेला, समोर उभा असतो. काम दहा मिनिटांचं असतं. पण जेवणाची सुट्टी पाच मिनिटांवर असते. 'उद्या या.' तो 'बरं साहेब, येतो' म्हणून जातो. आणि खरंच येतो! आपल्या देशात 'येतो' हा शब्द इतक्या प्रामाणिकपणे फक्त बँकेचे खातेदार पाळतात.

बोरीबंदरला सामान क्लोकरूममध्ये ठेवलं. सौ. मुलांना घेऊन क्रॉफर्ड मार्केटला गेली, आई एका बाकावर बसली, आणि मी तेवढ्यात जवळच असलेल्या रिझर्व्ह बँकेचं बाहेरूनच दर्शन घेऊन आलो. वारकऱ्याला कळस, तशी आम्हाला ती इमारत. 1935 साली ही बँक कलकत्त्यात निघाली आणि 1937 पासून तिचं मुख्य ठाणं मुंबईत आहे. तिच्यासमोर उभा राहून मी खिशातली शंभराची नोट काढली. तिच्यावर गव्हर्नरसाहेबांनी सही करून धारकाला शंभर रुपये द्यायचं वचन दिलेलं असतं. एक रुपयाच्या नोटेवर ते नसतं. ती सरकार काढतं आणि तिच्यावर अर्थसचिवांची सही असते. बाकी सगळ्या नोटा म्हणजे वचनच. हे वचन पुरं करून घ्यायला आजवर कोणी त्या दारात गेलंय का? मी नोट घेऊन आत गेलो असतो तर त्यांनी मला शंभराची दुसरी नोट दिली असती आणि सुरक्षारक्षकाला माझ्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं असतं. तरी ती नोट पांढरकवड्याच्या बाजारात चालते. समोरचा ती मोडायला जाणार नाही आणि गेलाच तर कोणी नाही म्हणणार नाही, एवढ्या भरवशावर सगळा देश भाजी घेतो.

मला एकदम बरं वाटलं. 'येतो' ही त्याच जातीची नोट असावी. 'येतो' म्हणणारा स्वतःच्या नावावर देणं लिहून देतो. 'उद्या या' म्हणणारा समोरच्याच्या खिशातून एस.टी.चं भाडं काढून घेतो. दोन्ही वाक्यं खोटी ठरू शकतात, पण एक नावे पडतं आणि एक जमा, एवढं तर पहिल्या वर्षाच्या पुस्तपालनातही शिकवतात.

चार वाजता चौपाटीवर गेलो. समुद्र घरी होता. अगदी ओटीपर्यंत आलेला. लोकमान्यांच्या पुतळ्यापासून थोड्या अंतरावर आईला धरून नेलं. याच वाळूवर गणपती विसर्जनाला येतात. पुन्हा येण्यासाठीच जा, अशा अर्थाचा मंत्र म्हणून आपण देवालासुद्धा तारीख बांधून देतो. शिवाय पुढच्या वर्षी 'लवकर' या, असा तगादाही लावतो. इथून दक्षिणेला गेटवे. तिथून 28 फेब्रुवारी 1948 ला इंग्रजांची शेवटची पलटण बोटीत बसली. त्यांना मराठी येत नव्हतं म्हणून बरं. 'येतो' म्हणाले असते तर पंचाईत होती.

आईनं लुगडं जरा वर खोचलं आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. लाट आली की माझा दंड घट्ट धरायची, गेली की सोडायची. पायांखालची वाळू सरकली की लहान मुलीसारखी हसायची. मुलं भेळ खात होती. मी दोनदा घड्याळ पाहिलं, मग ते बाहीत लपवलं. अर्ध्या तासानं ती वळली, पुन्हा एकदा मागं पाहिलं आणि म्हणाली, "बरं, जातो बाप्पा."

माझ्या पोटात धस्स झालं. "आई, येतो म्हण."

"काहून?"

"तसं म्हणायचं असतं."

"मानसाले म्हनाव लागते, बाबू," आई म्हणाली. "मानूस मांगं राह्यते, वाट पाह्यते. याच्याकडे का पाहुन्याची कमी हाय? थो कोनाची वाट पाह्यत बसत नाही. मंग याले कायले लबाड बोलू?"

मी काही बोललो नाही. तिचे पाय पुसायला पिशवीतून टॉवेल काढला आणि तो शोधण्यात उगाच जरा जास्त वेळ घालवला. सकाळपासून मी रिझर्व्ह बँकेपर्यंत जाऊन जे जुळवत होतो, ते तिच्याकडे आधीच जुळलेलं होतं. फक्त तिच्या वहीत एक नोंद होती जी मी माझ्या वहीत लिहायची टाळत होतो. ती तिनं समुद्रासमोर लिहून टाकली आणि खाली रेघ मारली. मग म्हणाली, "भेळ हाय का माह्यासाठी?"

दुसऱ्या दिवशी दुपारी पांढरकवड्याला पोचलो. कुलूप काढायच्या आधी आईनं उंबऱ्याला हात लावला आणि म्हणाली, "आलो." संध्याकाळी रिक्षा करून केळापूरच्या जगदंबेला गेली. निघताना तिला 'येतो' म्हणून सांगितलं होतं, त्याची पोच द्यायला.

बुधवारी मी कामावर रुजू झालो. जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं असताना काउंटरवर एक म्हातारा पासबुक घेऊन उभा राहिला. मी नेहमीचे दोन शब्द काढणार होतो, पण ते आलेच नाहीत. "बसा," म्हणालो. काम नऊ मिनिटांत झालं. डबा गार झाला. असं रोज होतं असं म्हणणार नाही. कांटसाहेब वाचत असले तर पंचाईत. आठवड्यातून दोनदा होतं, असं लिहून ठेवा.

आणि पंधराच दिवसांत वहिनींचा फोन आला. "भावोजी, तुम्ही एवढ्या आग्रहानं बोलावलंत, तर दिवाळीत येतो म्हणते. आम्ही चौघं, शिवाय माझी बहीण आणि तिचे तिघं. वाघ दाखवाल ना?"

म्हणजे नोट वटवायला आली. मी फोनवर हात ठेवून घाबऱ्याघाबऱ्या आईकडे पाहिलं.

"पाहून काय राह्यला?" आई म्हणाली. "या म्हन. अन् माळ्यावरच्या गाद्या काढ, उन्हात टाकू."

गाद्या टाकल्या आहेत. सध्या मी वाघाच्या चौकशीत आहे.