दाब

माणसाला सत्य हवं असतं, पण ते दुसऱ्याचं, असं माझं जुनं मत. ताईकडे अंतरवाली सराटीला गेलो, तेव्हा त्याला पुरावाच मिळाला.

माझ्या जुन्या टर्बो जीपला बूस्टचा काटा बसवायचं भाच्याच्या मनात आलं. टर्बो ही मोठी काटकसरी वस्तू. इंजिनानं टाकून दिलेल्या धुरावर एक चक्र फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र ताजी हवा इंजिनात कोंबतं. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. हवेचा दाब किती, ते काटा सांगतो. त्यासाठी एक बारीक नळी कापून मध्ये 'टी' जोडायचा आणि तिथून दुसरी नळी काट्यापर्यंत न्यायची.

भाच्यानं ब्लेड काढलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

"अरे, चांगली नळी कशाला कापतोस? नाही कळलं तर काय बिघडतं?"

"मामा, काट्यानं दाब येत नसतो. तो हायेच. फक्त दिसत नाही."

ओसरीवरून ताई म्हणाली, "दोन वर्षं झाली, हेच सांगतेय याला. बीपी मोजून घे म्हणून."

"मोजलं की वाढतं," मी पुटपुटलो.

भाच्यानं क्लिपा आवळल्या. संध्याकाळी वडीगोद्रीकडे जीप काढली, तर काटा थरथरत वर चढला. जीप तीच, दाबही तोच. कमी झालं होतं ते फक्त माझं अज्ञान. त्याच्या भरवशावर किती सुखात होतो मी!

उद्या अंबडला डॉक्टरांकडे जातोय. तिथेही नळी आहे आणि काटाही. सुदैवानं, कापावं काही लागत नाही.