उचंत खातं

खरं बोलावं, हे मला शाळेत पुष्कळ वेळा सांगण्यात आलं. कुणाशी बोलावं, हे मात्र कुणीच सांगितलं नाही. पुढे मी बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि सत्याचा प्रश्न माझ्यापुरता मिटला. बँकेत सत्य म्हणजे टॅली. जमा आणि नावे, दोन्ही बाजू जुळल्या की झालं सत्य. एखादी रक्कम कुठे टाकावी हे कळेनासं झालं, तर तिच्यासाठी उचंत खातं असतं. तिथे तिला तात्पुरती बसवायची आणि डबा उचलून घरी जायचं.

बँकेबाहेर असं खातं मला एकदाच उघडावं लागलं. जानेवारी 2019 मध्ये, अमेरिकेत, मिनिआपोलिसला.

तिथे माझा थोरला भाऊ असतो. आई सहा महिने त्याच्याकडे राहिली होती, तिला आणायला मी गेलो. भर हिवाळ्यात तिकडे जाणारा माणूस एकतर फार शूर असतो, नाहीतर त्याला तिकीट स्वस्तात मिळालेलं असतं. मी कारकून आहे, तेव्हा पहिली शक्यता वाचकांनी सोडून द्यावी.

आईसाठी दादाने डिश बसवून घेतली होती. परातीएवढी तबकडी, मागच्या अंगणात खांबावर, तोंड दक्षिणेकडे. रोज सकाळी आईला तिच्यावर आपल्याकडची एक मालिका दिसायची. आणि रोज सकाळी, मालिकेच्या आधी, दादा कानटोपी, दोन स्वेटर, कोट, हातमोजे आणि गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून, हातात मऊ कुंचा घेऊन अंगणात उतरायचा. ऑफिसात त्याच्या हाताखाली चाळीस इंजिनिअर आहेत. त्यांनी त्याला या अवतारात पाहिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी एकानेही त्याचं ऐकलं नसतं.

बर्फ झाडण्याचंही शास्त्र असतं. तबकडीला ठोकायचं नाही. उपग्रह 36 हजार किलोमीटर वर. इथे तबकडी एका अंशाने वळली की तिची नजर तिथे 600 किलोमीटरने चुकते. उकळतं पाणी ओतायचं नाही. खालची वाफ विरेपर्यंत वर त्याचा बर्फ झालेला असतो. पुढच्या दांडीवर जो डबा असतो, त्याच्या तोंडावरचा बर्फ बोटाने हळूच काढायचा, बाळाचं नाक पुसावं तसा. वहिनी तर डोशाच्या तव्यावर मारायचा तेलाचा फवारा अधूनमधून तबकडीवरही मारायची. बर्फ घसरून पडतो म्हणे. मला मात्र त्या तबकडीकडे पाहून भूक लागायची.

चौथ्या दिवशी दादा बाहेर कुंचा चालवत असताना आई हळूच म्हणाली, "मला कुठे बघायची असते रे ती मालिका? त्या सुनेचं तोंड बघवत नाही. पण हा बिचारा एवढ्या थंडीत जातो, म्हणून बसते झालं."

मी हादरलो. आणि त्याच रात्री, आई झोपल्यावर, दादा म्हणाला, "तू तिला वर्षानुवर्षं सांभाळतोस. मी काय करतो? पैसे पाठवतो. ही सकाळची वीस मिनिटं आहेत, तेवढीच माझी."

झालं! दोन्ही व्हाउचर माझ्या टेबलावर आली. आईची रक्कम दादाच्या नावे, दादाची आईच्या नावे, आणि मधे मी पेन्सिल कानाला लावून बसलेलो. एका वाक्यात दोघांची सुटका झाली असती. दादाची थंडी वाचली असती, आईची सून सुटली असती. मग माझी जीभ का रेटेना?

एक कारण सांगतो, ते फारसं शोभादायक नाही. "आई माझ्याकडे असते" ही माझी घराण्यातली सर्वांत मोठी ठेव. तिच्यावर मी प्रत्येक लग्नकार्यात व्याज घेत आलो. पण आमच्या डोंबिवलीच्या घरात जुलैच्या पावसात डिश गेली, की मी आईला काय सांगतो? "पावसात असं होतंच गं." आणि कूस बदलतो.

मग 30 जानेवारी उजाडली. पारा शून्याखाली 33 अंश. मिनेसोटात त्या दिवशी टपालसुद्धा वाटलं गेलं नाही. वाऱ्यात उघडी कातडी पाच-दहा मिनिटांत गोठेल, असं रेडिओ बजावत होता. आई सकाळीच म्हणाली, "आज नको रे टीव्ही, डोकं दुखतंय." दादा म्हणाला, "मग तर हवाच. तेवढंच मन रमेल." आणि त्याने कानटोपी घातली.

आता बोलायलाच हवं होतं. मी बोललोही, पण धर्मराजासारखं, अर्धं. म्हटलं, "दादा, मी वाचलंय. एवढ्या थंडीतला बर्फ कोरडा असतो, पिठासारखा. त्याने सिग्नल फारसा अडत नाही. अडवतो तो ओला बर्फ. आज नाही झाडलं तरी चालेल."

दादा हातमोजा चढवत म्हणाला, "मला ठाऊक आहे रे. पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं." आणि दार उघडून गेला.

खिडकीशी आई उभी होती. दादाने तिथून हात केला, हिने आतून केला. तीन मिनिटांत तो परत आला. पापण्या पांढऱ्या झालेल्या. आईने डोकेदुखी विसरून मालिका शेवटपर्यंत पाहिली, वर पुन्हा "आज छान होती हो" म्हणाली. मी गप्प राहिलो. हे बरोबर केलं की चूक, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. त्या दिवशी दादा अंगणात घसरून पडला असता, तर माझ्या गप्प बसण्याला कुणी मोठेपणा म्हटलं नसतं, मीही नाही. तो पडला नाही, एवढ्यावर माझं पुण्य उभं आहे. उचंत खात्यातली रक्कम मार्चअखेर निकालात काढावी लागते. ही अजून तशीच आहे.

परत आल्यावर त्या जुलैत एका संध्याकाळी धो धो पाऊस लागला आणि आमची डिश गेली. पावसात अडथळा वरच्या हवेतल्या पाण्याचा असतो. तबकडी पुसून काडीचा उपयोग नसतो. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी छत्री घेऊन गच्चीवर गेलो आणि रुमालाने तबकडी पुसून, नखशिखान्त भिजून खाली आलो.

पडद्यावर नुसता निळा रंग होता. आई त्याच्यासमोर मन लावून बसली होती.

"दिसतंय हो आता," ती म्हणाली. "डोकं पूस आधी."