पायाचे श्रेय आणि जिभेचा दोष

मनुष्य जे विचारपूर्वक करतो त्याचे श्रेय अथवा दोष त्याचाच, याविषयी फारसा वाद नाही. वाद आहे तो विचार न करता घडणाऱ्या गोष्टींविषयी. एखादे चांगले कृत्य सहज घडले तर आपण ते आपल्या स्वभावाच्या खाती जमा करतो. वाईट घडले तर 'सवयीने झाले' असे म्हणून ते खात्यात धरीतच नाही. हा हिशेब प्रामाणिक आहे काय, असा प्रश्न मी नीतिशास्त्राच्या तासाला कित्येक वर्षे विद्यार्थ्यांस विचारीत आलो आहे. त्याचे उत्तर स्वतः देण्याची पाळी मात्र माझ्यावर मोटारीच्या पेडलांनी आणली.

गतवर्षी वैशाखात माझा भाचा मुंबईहून मालवणास आला, तो शर्यतीच्या धाटणीची एक दोन आसनांची मोटार घेऊन. वळणाआधी तो गियर खाली घेई, तेव्हा इंजिन एकदाच हुंकारे. पण अंगास धक्का म्हणून जाणवत नसे. हे कसे साधते, असे मी विचारले आणि चौपन्नाव्या वर्षी त्याचा शिष्य झालो.

या कलेचे मर्म थोडक्यात असे. तिसऱ्या गियरमध्ये इंजिन मिनिटास २००० फेरे घेत असेल, तर गाडीच्या त्याच वेगास दुसऱ्या गियरमध्ये त्याला सुमारे ३००० फेरे घ्यावे लागतात. हा फरक भरून न काढता क्लच सोडला, तर चाकेच इंजिनाला ओढून त्या गतीस आणतात. गाडीला हिसका बसतो, आणि रस्ता ओला असल्यास चाके घसरण्याचाही संभव असतो. म्हणून डाव्या पायाने क्लच दाबलेला असताना उजव्या पावलाच्या चवड्याने ब्रेक धरून ठेवावयाचा, आणि त्याच पावलाच्या टाचेने अ‍ॅक्सिलरेटरला क्षणभर टोला देऊन इंजिनाची गती वाढवावयाची. नाव 'हील अँड टो' असे असले, तरी पुष्कळ गाड्यांत टाचेचे काम पावलाची बाहेरची कडच करते. एकाच पावलाने एकाच वेळी थांबावयासही सांगावयाचे आणि धावावयासही, हीच यातील अडचण.

हल्ली या विद्येची गरज उरलेली नाही, हे कबूल केले पाहिजे. माझ्या लहानपणी एस. टी.चे चालक आंबोलीच्या घाटात क्लच दोनदा दाबून, मध्ये इंजिनाची गती वाढवून गियर खाली घेत; तसे न केल्यास दाते करकरत. परंतु दात्यांची गती आपोआप जुळवणारी योजना कॅडिलॅक गाडीत १९२८ सालीच आली होती, आणि पुढे ती सर्वत्र झाली. शर्यतीच्या जगातही १९८९ साली फेरारीने स्टिअरिंगमागील कळीने गियर बदलणारी गाडी उतरवली. आज कित्येक गाड्यांत हे काम यंत्रच करते. तेव्हा माझे शिकणे ही केवळ हौस होती.

पहाटे आम्ही कातळसड्यावरच्या निर्मनुष्य रस्त्यावर जात असू. पहिले काही दिवस तर बंद गाडीत बसून नुसते पाऊल फिरविण्यातच गेले. पुढे गाडी चालू झाली, आणि प्रत्येक गियरला आम्हा दोघांच्याही माना हिंदकळू लागल्या. मला सारे तत्त्व ठाऊक होते, आकडे पाठ होते. पाऊल मात्र ऐकत नव्हते. भाचा म्हणे, "मामानू, डोक्यातसून काढून टाका. पायाक कळूक व्हया." शंभर वेळा चुकलो असेन, तो एकदाही हसला नाही. तीन आठवड्यांनंतर एका सकाळी वळण आले, गियर बदलला, आणि वळण मागे पडल्यावर माझ्या ध्यानात आले की, धक्का बसला नाही. भाचा व त्याची गाडी मुंबईस परत गेली; विद्या तेवढी माझ्या पायात राहिली.

आषाढात आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया बेळगावास झाली. डोक्याला हिसका बसू देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. आमच्या साध्या घरगुती गाडीतून मी तिला आंबोलीमार्गे परत आणीत होतो. आंबोलीचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच. तेथील पाऊस ज्याने पाहिला आहे त्यास घाटातील धुक्याचे वर्णन सांगावयास नको. एका वळणापलीकडे दरडीचे दगड रस्त्यावर आले होते. ते दिसले आणि गाडीचा वेग उतरला, गियर खाली आला, दगडांना वळसा घालून आम्ही पुढे गेलो. हे 'मी केले' असे म्हणणेही कठीण, पावलाने केले. आई झोपली होती. उतार संपत आल्यावर तिने विचारले, "दाणोली इली काय रे?"

घरी येऊन हा प्रसंग मी ज्याला त्याला सांगत सुटलो. स्तुती झाली, ती मी घेतली. आणि त्या रात्री मला कांट आठवला. १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात तो असे प्रतिपादितो की, केवळ स्वाभाविक ओढीने घडलेल्या सत्कृत्यास नैतिक मूल्य नाही; ते कर्तव्यबुद्धीने झाले पाहिजे. मग विचाराआधीच हललेल्या माझ्या पावलाचे मूल्य काय? येथे मला ॲरिस्टॉटल अधिक जवळचा वाटतो. त्याच्या मते सद्गुण हा अभ्यासाने अंगी मुरतो. वीणा वाजवून माणूस वादक होतो, तसा न्यायाने वागून न्यायी होतो. घाटात मी काही निवडले नाही हे खरे; पण सड्यावरच्या पहाटे मी निवडल्या होत्या. आषाढातले कृत्य हे वैशाखातल्या संकल्पाचे व्याज होते, आणि मुद्दल ज्याचे त्याचेच व्याज.

हा युक्तिवाद मला फार समाधान देऊन गेला. परंतु तो तेथे थांबेना.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात एका विद्यार्थिनीने वर्गात एक प्रश्न विचारला होता. प्रश्न चाचरत, अर्धा मालवणीत, अर्धा इंग्रजीत आला. मी काहीतरी बोललो. वर्ग खो खो हसला. पुढील सत्रात तिने माझा विषय सोडला. एका सहकाऱ्याने कारण सांगितले तेव्हा मी उत्तरलो, "अहो, सहज तोंडून गेले. माझ्या मनात काही नव्हते." हे खोटे नव्हते. माझ्या मनात खरोखरच काही नव्हते. घाटात तरी कोठे काही होते?

पावलाला तीन आठवड्यांची शिकवण होती. माझ्या जिभेला जवळजवळ तीस वर्षांची. कोपरखळीवर वर्ग हसला की मला बरे वाटे, आणि त्या हसण्यासाठी मी तिला रोज तासाला फिरवून तयार केली होती. व्याज माझे म्हणून मी घेतले, तर कर्जही माझेच ठरते. 'सवयीने झाले' हे क्षमेचे कारण नव्हे. तो तर दीर्घ तयारीचा कबुलीजबाब आहे.

कोणी म्हणेल, वाढत्या वयात सवय सुटत नाही. विल्यम जेम्सनेही १८९० सालच्या आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात म्हटले आहे की, तिशीपर्यंत बहुतेकांचा स्वभाव घट्ट होऊन जातो. हा आधार मी आनंदाने घेतला असता. पण माझ्याच उजव्या पायाने तो माझ्यापासून काढून घेतला आहे.

त्या मुलीस भेटून मी क्षमा मागितली. ती संकोचून म्हणाली, "सर, मी विसरले ते." ती विसरली नव्हती, हे आम्हा दोघांसही ठाऊक होते. आता वर्गात कोणी चाचरू लागले की मी मुद्दाम थांबतो, आणि त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत आपली गती त्याच्या गतीशी जुळवून पाहतो. अजून पुष्कळदा हिसका बसतो. भाचा शंभर चुकांत एकदाही हसला नव्हता, हे अशा वेळी आठवते, आणि मी पुन्हा प्रयत्न करतो.